माळकरी घरातील मुलगी आणि वाइनच्या द्राक्षांची नोकरी

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. दिंडोरी तालुक्यात आपली चार एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे, घरात तीन पिढ्यांची माळ आहे आणि कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेली आपली कन्या एका वाइन उत्पादकाच्या द्राक्षखरेदी विभागात, शाश्वत शेती आणि जबाबदार खरेदी या कामावर रुजू होऊ इच्छिते. तिने लोकसेवा आयोगामार्फत कृषी सेवेत जावे अशी आपली इच्छा आहे, आणि 'पोरीने द्राक्षे शिकून शेवटी दारूच्या धंद्यात जायचे का', असे आपण सरळ विचारले आहे.

माळेचा प्रश्न मी हलका मानत नाही. घराच्या श्रद्धेला डावलून तिने ही नोकरी धरावी, असा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही. मात्र यात दोन निर्णय एकमेकांत गुंतले आहेत, ते आपण सुटे करावेत. वाइन कंपनीत जावे की नाही हा एक, आणि पेयांसाठी लागणाऱ्या शेतमालाची जबाबदारीने खरेदी करण्याचे शास्त्र शिकावे की नाही हा दुसरा. हे शास्त्र फळांचा रस, चहा, कॉफी आणि साखर यांनाही तितकेच लागू पडते. आपल्याच तालुक्यात मोहाडीला शेतकऱ्यांच्या मालकीची सह्याद्री फार्म्स ही कंपनी द्राक्ष निर्यात आणि फळप्रक्रिया करते, तेथेही याच ज्ञानाची गरज असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घराने द्यावे. दुसऱ्याचे उत्तर मी निःसंकोचपणे 'हो' असे देतो.

या कामाची गरज आपल्याला वेगळी सांगायला नको, कारण 2010 चा हंगाम आपण पाहिला असेल. वेलींची फाजील वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपल्याकडच्या सीसीसीचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडल्यामुळे युरोपात गेलेले कंटेनर अडकून पडले. तेथील मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम इतकी होती, आणि एवढ्याशा आकड्यापायी कित्येक घरांचे वर्ष वाया गेले. औषध कोणते, केव्हा, किती मारले आणि त्यानंतर किती दिवसांनी माल काढला, याची वेळेवर झालेली नोंद शेतकऱ्याला वाचवते. ती नोंद तपासणारा, आणि ती कशी ठेवायची हे बांधावर बसून शिकवणारा माणूस, हीच आपल्या कन्येची भावी भूमिका आहे.

वाइनच्या द्राक्षांत ही काटेकोरता आणखी वाढते. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी मारलेले गंधक काढणीच्या अगदी जवळ गेले, तर त्याचा अंश आंबवण्याच्या टाकीत उतरतो आणि रसाला सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. म्हणून तपासनीस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर मण्याचा थेंब पिळून ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, पाहतो, तेव्हा दुसऱ्या हातात त्याने फवारणीची वही उघडलेली असावी लागते. ज्या मुलीने खरड छाटणी (उन्हाळ्यातील) आणि गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या) दिवसांत वडिलांच्या मागे बागेत दिवस काढले आहेत, तिला त्या वहीत काय मुद्दाम गाळले आहे हे शहरात वाढलेल्या पदवीधरापेक्षा लवकर कळेल. ही तिची मोठी शिदोरी आहे.

जबाबदारी औषधांपाशी संपत नाही. छाटणीला पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्यांना राहायला छप्पर, प्यायला स्वच्छ पाणी आणि फवारणाऱ्याला हातमोजे व मुखपट्टी मिळते का, हेही याच तपासणीत पाहावे लागते. शीतपेयांच्या साखरेत तर हा प्रश्न फारच जळजळीत आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय ऐरणीवर आल्यावर 2019 मध्ये राज्य शासनाने समिती नेमली, आणि ऐंशी हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन नवऱ्यासोबत जोडीने ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला पाळीच्या त्रासाने पडणाऱ्या एका खाड्याचीही भीती वाटते. बाटलीतली साखर त्या फडातून येते, आणि जो खरेदीदार तेथवर जाऊन पाहत नाही त्याच्या प्रमाणपत्राला मी किंमत देत नाही.

एक इशारा मात्र कन्येला आवर्जून द्यावा. 2009-10 च्या सुमारास वाइनची मागणी घसरली, तेव्हा करारावर लावलेल्या वाइनच्या बागांवर नाशिक जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांना कुऱ्हाड चालवावी लागली. शेतकऱ्याकडून शंभर नोंदी मागायच्या आणि मंदी येताच माल उचलायचा नाही, याला जबाबदार खरेदी म्हणता येत नाही. म्हणून मुलाखतीत तिने पगाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात: करार किती वर्षांचा असतो, दर कसा ठरतो, आणि तपासनिसाने प्रतिकूल अहवाल दिला तर पुढे काय होते. तिसऱ्या प्रश्नावर उडवाउडवीची उत्तरे मिळाली, तर ती नोकरी घेऊ नये, मग कंपनी कितीही नावाजलेली असो.

कृषी सेवेच्या परीक्षेला माझा विरोध नाही. पण केवळ परीक्षेच्या आशेवर पदवीनंतरची तीन-चार वर्षे अभ्यासिकेत घालवणारी अनेक हुशार मुले माझ्यासमोर बसून गेली आहेत, आणि त्यांच्या हाती दुसरे कौशल्य नसते हे पाहून जीव कळवळतो. तिने दोन वर्षे प्रत्यक्ष बागांवर काम करावे, त्याच काळात परीक्षा द्यायची असल्यास द्यावी, आणि नंतर पुढील शिक्षण निवडावे. बागेच्या शास्त्रात रस असेल तर एम.एस्सी., आणि खरेदी व व्यवस्थापनात रस असेल तर हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेतील कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम. त्यासाठी 'कॅट' या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेचे गुण लागतात. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी तिने आतापासूनच परिचय वाढवावा.

निर्णयाची घाई नसल्यास आपण एक करावे. येत्या गोडी छाटणीपासून माल उतरेपर्यंत आपल्या बागेची तपासणी कन्येकडे सोपवावी. तिने परक्याच्या बागेत आल्यासारखे वागावे, फवारणी, पाणी आणि मजुरांची हजेरी रोज लिहावी, आणि आपली चूक दिसली तर तीही लिहावी. हंगाम संपल्यावर ती वही घेऊन दोघांनीही माझ्याकडे यावे. पहिल्या पानावर छाटणीच्या दिवशीची विहिरीच्या पाण्याची पातळी लिहिलेली असू द्यावी.