यादी ठेव बाजूला, वाक्य लिही

कोल्हापूर

पोरी,

दोनशे शब्दांची यादी पाठ केलीस आणि 'पण लक्षात कोण घेतो?' उघडल्यावर तिसऱ्या पानावर अडलीस. वर लिहितेस, 'माझा शब्दसंग्रहच कमी.' काही कमी नाही. शब्द वाक्यासकट उचलायचा असतो, एवढंच तुला कुणी सांगितलं नाही.

आधी वाचनाचं बघू. हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. पुढच्या हप्त्याची वाट बघणाऱ्यांसाठी ती लिहिलेली. म्हणून त्यात मागची आठवण करून देणं आलं, पाल्हाळही आलं. दोन दिवसांत उरकायला बसलीस तर कंटाळशीलच. रोज पंधरा-वीस पानं पुरेत. कादंबरीची पहिली तीसेक पानं कोशाला हात न लावता वाच. नायिका यमूच्या घरातली नाती आणि रीत कळली की बरेच शब्द आपोआप उलगडतात. दर ओळीला कोश उघडणाऱ्याला वाक्याची सुरुवातच आठवत नाही, आणि चार दिवसांत पुस्तक मिटतं.

अडलेला शब्द कागदाच्या पट्टीवर टिपायचा, पान क्रमांकासह. करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तक आणलं असशील तर त्यावर पेन्सिलसुद्धा टेकवू नकोस. प्रकरण संपलं की पट्टीवरचे पाचच शब्द निवड. पुन्हा पुन्हा आलेले, किंवा ज्यांच्यावाचून प्रसंगच कळला नाही असे. वहीत आधी कादंबरीतलं अख्खं वाक्य उतरव, त्याखाली तुझा अंदाज लिही, मग कोश बघ. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. चुकलेला अंदाजच पुढे शब्द लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी तो शब्द झाकून वाक्य वाच. नाही आठवला तर पान उघडून प्रसंग वाच. अर्थाकडे लगेच धावू नकोस.

कोश बघतानाही मुलं हमखास फसतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती मोबाइलवर फुकट मिळते, पण तिचं शुद्धलेखन त्या काळचं. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. त्याआधी 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी. शब्द सापडत नसेल तर अनुस्वार देऊन शोध. आणि पहिला अर्थ घेऊन पळू नकोस, बाई! 'सोवळी' म्हणजे सोवळ्यात असलेली, एवढ्यावर थांबलीस तर त्या काळच्या कादंबरीत केशवपन केलेली विधवा तुझ्या डोळ्यांसमोरून निघून जाईल आणि तुला कळणारही नाही. कुठला अर्थ घ्यायचा ते वाक्यच सांगतं. म्हणून माझा ओढा दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'कडे. त्यात जुन्या ग्रंथांतले दाखले आहेत, म्हणजे तिथेही वाक्यच.

पुढे आनंद यादवांची ग्रामीण कादंबरी 'गोतावळा' वाचशील. कोल्हापुरात राहून शेतातले शब्द नुसते कोशात हुडकणाऱ्यांचा मला राग येतो. मोटेचंच घे, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची कातडी पिशवी. नाडा आणि सोंदूर, दोन्हींपुढे 'दोर' एवढंच लिहिलंस तर दोन दोर कशाला, हे कधीच कळणार नाही. नाडा जाड, तो मोटेच्या तोंडाला बांधलेला, वरच्या चाकावरून बैलांकडे जातो. सोंदूर बारीक, तो मोटेच्या खालच्या निमुळत्या नळीला, म्हणजे सोंडेला. मोट वर येईपर्यंत त्याने सोंड उचलून धरली नाही तर पाणी परत विहिरीत. कागलकडचा पंचाहत्तरीच्या पुढचा कुणी शेतकरी गाठ आणि वहीतलं वाक्य त्याला वाचून दाखव. नुसता शब्द विचारलास तर तोही 'दोर हाय' म्हणून मोकळा होईल.

मला खुशाल जुनाट म्हण. ॲपमध्ये शब्दांचे पत्ते फिरवून परीक्षेपुरतं भागतं, हे मी नाकारत नाही. पण अशी हुशार मुलं एम.ए.ला अनोळखी उताऱ्यापुढे बसतात तेव्हा शब्द सगळे ओळखीचे असतात, आणि बोलणारा चिडलाय की टोमणा मारतोय, ते सांगता येत नाही. याची हळहळ वाटते म्हणून हट्ट धरतोय.

रविवारपर्यंत तीन प्रकरणं, पंधरा वाक्यं. मला पाठवशील तेव्हा पान क्रमांक आणि तुझे अंदाजही पाठव, विशेषतः चुकलेले.