घोडी धुक्यात झोपली तर?

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. ‘धुक्यातला योझिक’ हा जुना रशियन ॲनिमेशनपट आम्ही दोघींनी मिळून पाहिला. मला तो फारच आवडला. मुलगी मात्र घुबड दिसल्यापासून मला बिलगून बसली, आणि धुक्यातून कुत्र्याचं भलंमोठं तोंड पुढे आलं तेव्हा रडली. तरी रोज रात्री विचारते, “आई, ती घोडी बुडाली नाही ना?” हा चित्रपट खरंच लहानांसाठी आहे का? तिला पुन्हा दाखवू की नको? आणि ते धुकं कसं केलं असेल?
— एक आई

उत्तर : पुन्हा दाखवा. घाई नको, पण दाखवा. तिने रडून डोळे मिटले असते आणि विषय सोडून दिला असता, तर मी थांबा म्हटलं असतं. ती तर रोज घोडीची चौकशी करते आहे. योझिक, म्हणजे चित्रपटातला तो छोटा काटेरी प्राणी, धुक्यात उतरतो तो नेमका ह्याच प्रश्नासाठी. टेकडीवरून त्याला खाली धुक्यात उभी असलेली पांढरी घोडी दिसते आणि त्याच्या मनात येतं, ही आडवी झाली, झोपली, तर धुक्यात गुदमरेल का? ते पाहायला तो खाली जातो. त्याला कोणी ढकललेलं नाही, तो वाट चुकूनही आलेला नाही. काळजी आणि कुतूहल हातात हात घालून त्याला तिथे नेतात. तुमच्या मुलीला तीच काळजी लागली आहे. म्हणजे ती घाबरली आणि त्याच वेळी चित्रपटाच्या आतही शिरली.

भीतीच्या जागा पळवत पुढे नेऊ नका. साडेदहा मिनिटांत जे जे भयंकर वाटतं, त्याचं पुढे काय होतं ते तिला पाहू द्या. घुबड मागोमाग येतं, डबक्यात वाकून पाहतं, विहिरीत घुमतं. योझिक त्याला एका शब्दात वेडा ठरवतो आणि चालू लागतो. ज्या कुत्र्याला पाहून ती रडली, तोच कुत्रा योझिकचं हरवलेलं गाठोडं आणून देतो आणि निघून जातो. त्या गाठोड्यात अस्वलाच्या पिल्लासाठी नेलेला रासबेरीचा मुरांबा असतो. नदीत पडल्यावर पाण्याखालचा ‘कोणीतरी’ त्याला पाठीवर घेऊन काठाला लावतो. हा कोणीतरी मासा असावा असं आपल्याला दिसतं, पण चित्रपट त्याला कोणीतरीच म्हणतो. तुम्हीही मुलीला नाव सांगू नका. तिला ठरवू द्या.

आता धुकं. तुमच्या प्रश्नातला हा भाग वाचून मला किती आनंद झाला, काय सांगू. मी बरीच वर्षं कटआउट ॲनिमेशनचं काम केलं आहे, म्हणजे आकृत्या कापून, काचेवर ठेवून, तसूतसूने सरकवत चित्रण करायचं. आणि ह्या धुक्यापाशी मी पुन्हा पुन्हा येते.

हा चित्रपट 1975 सालचा, मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म स्टुडिओतला. दिग्दर्शक युरी नोर्श्तेइन, चित्रं त्यांच्या पत्नी फ्रान्चेस्का यारबुसोवा यांची, कॅमेऱ्यामागे अलेक्सांद्र झुकोव्स्की. संगणकाचा प्रश्नच नव्हता. कॅमेरा वर टांगलेला, त्याचं तोंड खाली. त्याच्याखाली एकावर एक काचांचे मजले, मधे अंतर सोडून. एका काचेवर झाड, दुसरीवर गवत, तिसरीवर योझिक. योझिकचं डोकं, पाय, हात हे सगळे सेल्युलॉइडचे सुटे तुकडे. ते चिमट्याने केसभर हलवायचे, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायचे. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम लागतात. साडेदहा मिनिटांचा हिशेब तुम्हीच करा.

आणि धुकं म्हणजे अतिशय पातळ, अर्धपारदर्शक कागद. तो दृश्यावर ठेवायचा आणि एकेका फ्रेमगणिक थोडाथोडा कॅमेऱ्याकडे उचलत न्यायचा. कागद जसा वर येतो, तशी खालची आकृती आधी मऊ होते, मग कडा हरवतात, मग फक्त पांढरं उरतं. कागद खाली नेला की पांढऱ्यातून आकृती परत जमू लागते.

हे तुम्ही आत्ता करून पाहू शकता. एखाद्या ठळक चित्रावर ट्रेसिंग पेपर सपाट ठेवा. चित्र जवळजवळ स्वच्छ दिसेल. कागद दोन बोटं उचला. चित्र विरघळायला लागेल. वीतभर उचला, की डाग उरतील. कागद चित्राला टेकलेला असतो तेव्हा प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश पसरायच्या आतच कागदावर पोचतो; अंतर वाढलं की शेजारच्या ठिपक्यांचे प्रकाश एकमेकांत मिसळतात. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा खाली घोड्याचंच चित्र ठेवलं होतं. हाताखालून घोडा नाहीसा झाला तेव्हा मला खरोखर कसंतरी झालं. कागद मीच उचलला होता, तरीही. मुलीबरोबर हा प्रयोग जरूर करा, आणि कागद तिच्या हातात द्या. घोडी नाहीशी करणंही तिच्याकडे, परत आणणंही तिच्याकडे.

एक गोष्ट लक्षात घ्या. रंगवलेलं धुकं घोडीवर नुसतं पसरलं असतं. इथे कागदाच्या आणि घोडीच्या मधलं अंतर खरं आहे, मोजता येईल असं आहे. म्हणून ती धुक्यामागे गेली की दूर गेल्यासारखी वाटते. तुमची मुलगी घोडीसाठी झुरते, त्यात ह्या अंतराचाही वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : योझिक म्हणजे साळिंदर ना? मग मराठीत सरळ ‘धुक्यातलं साळिंदर’ का म्हणत नाही?
— एक वाचक

उत्तर : साळिंदर नव्हे. साळिंदर उंदराच्या कुळातलं, कुरतडणारं, चांगलं थोराड आणि लांब काट्यांचं. रशियन ‘योझ’ हा ओंजळीत मावेल एवढा, आखूड काट्यांचा, किडेमुंग्या खाणारा प्राणी. घाबरला की अंगाचा गोळा करतो. ‘योझिक’ हे त्याचं लाडाचं रूप. शब्दकोशात त्याला ‘जाहक’ म्हटलेलं सापडतं, पण त्या नावाने कोणी हाक मारेल असं मला वाटत नाही. आणि ह्या चित्रपटात हाक फार महत्त्वाची आहे. धुक्यात कुठूनतरी अस्वलाचं पिल्लू लांबवून ओरडतं, “यो-ओ-झिक!” ती हाक तशीच राहू द्यावी.

प्रश्न : मूळ गोष्ट कोणाची? आणि शेवटी अस्वल एवढं बोलत असतं, तेव्हा योझिक गप्प का?
— आणखी एक वाचक

उत्तर : गोष्ट सर्गेई कोझ्लोव्ह यांची. योझिक आणि अस्वलाचं पिल्लू ह्या जोडीवर त्यांनी पुष्कळ गोष्टी लिहिल्या. ही अगदी छोटी आहे. तीस चिलटं माळावर येऊन आपली किरकिरी व्हायोलिनं वाजवू लागतात, तिथून ती सुरू होते.

चित्रपटात दोघांचा रोजचा नेम आधीच सांगितला जातो. ओंडक्यावर बसून चहा प्यायचा आणि तारे मोजायचे. धुराड्याच्या उजवीकडचे तारे अस्वलाचे, डावीकडचे योझिकचे. त्यामुळे योझिक वेळेवर पोचला नाही, तर अर्धं आकाश मोजायला कोणी नाही. शेवटी अस्वलाच्या तोंडाचा पट्टा सुरू असतो तो ह्याच धास्तीने. मी हाका मारत होतो, समोवार, म्हणजे चहाच्या पाण्याचं रशियन भांडं, तापवून ठेवला, वेताची खुर्ची पुढे ओढली, आणि त्या डहाळ्याही आणल्या, त्या, काय बरं त्यांचं नाव... त्याला शब्द आठवत नाही. योझिक हळूच पुरवतो, जुनिपरच्या, म्हणजे त्या नावाच्या झुडपाच्या. एवढं तो ऐकत असतो.

पण डोळे त्याचे आकाशाकडे लागलेले, आणि मनात घोडी. परत आलो, बरं झालं, आपण दोघं पुन्हा एकत्र आहोत, असं त्याला वाटतं. आणि तरीही, ती तिकडे धुक्यात कशी असेल? घोडीचं काय झालं ते चित्रपट सांगत नाही. वरच्या पत्रातल्या आईने मुलीला “नाही गं, बुडाली नाही” असं ठासून सांगू नये असं मला म्हणूनच वाटतं. योझिकलाही ठाऊक नाही, एवढं सांगावं. तोही अजून तिचाच विचार करतो आहे.