साथ, शंका आणि घबराट: वाचकांचे प्रश्न

करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी जाहीर केलं. प्रश्न मात्र थांबलेले नाहीत. कुठे नव्या तापाची बातमी आली की तेच प्रश्न पुन्हा येऊन पडतात. या वेळच्या पत्रांत एक गोष्ट ठळक दिसली. घाबरण्यात गैर काही नाही, पण घाबरून केलेली मेहनत बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च होते: पिशव्या, दारांच्या कड्या, दुकानातली रिकामी फळी. खोलीतली हवा आणि आकड्याखालचा छेद (म्हणजे तो आकडा एकूण कितींपैकी आहे ते) यांच्याकडे लक्ष जात नाही.

प्रश्न: करोनाच्या काळात बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आम्ही पुसून, तीन दिवस बाजूला ठेवून मगच घरात घेत होतो. पुढच्या साथीतही हेच करायचं का?

साथ कोणत्या रोगाची आहे, यावर ते ठरेल. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरससारख्या रोगात हात आणि पृष्ठभाग फार महत्त्वाचे असतात. शिवाय त्या विषाणूवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरची मात्रा नीट चालत नाही, साबण-पाणीच लागतं. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाचं गणित वेगळं.

तुमचे ‘तीन दिवस’ मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून आले. प्लास्टिक आणि स्टीलवर करोनाचा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडला, एवढाच मथळा सगळीकडे फिरला. त्याच प्रयोगात प्लास्टिकवरचा जिवंत विषाणू साधारण दर सात तासांनी निम्मा होत होता, म्हणजे चोवीस तासांत जेमतेम अकरावा हिस्सा उरत होता, हे कुणी सांगितलं नाही. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं अंदाज दिला: दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून करोनाची लागण होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी. तेव्हा सामान आत घ्या, जागेवर ठेवा आणि हात धुवा. अंगठे, नखं आणि बोटांच्या बेचक्या धरून निदान २० सेकंद.

वाचलेला वेळ हवेवर घाला. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा बदलावी असं धरलं तर १८० घनमीटर स्वच्छ हवा दर तासाला हवी. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या खोक्यावर ‘सीएडीआर’ नावाचा आकडा असतो, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं ते. तो याच्याशी ताडून बघा. मात्र तो आकडा सर्वांत वेगवान, म्हणजे सर्वांत गोंगाटी गतीचा असतो. रात्री झोपमोड नको म्हणून यंत्र हळू चालवलं की हवा बरीच कमी मिळते. घ्यायचंच तर गरजेपेक्षा मोठं घ्या.

यंत्र नसलं तरी अडत नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की काम होतं. एकच खिडकी असेल तर पंखा खिडकीत, तोंड बाहेर करून ठेवा. आजारी माणसाच्या खोलीत तर तो बाहेरच फेकणारा हवा, कारण आत फेकणारा पंखा खोलीतली हवा दाराच्या फटीतून उरलेल्या घरात ढकलतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर असेल तर बाहेर सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दिसेल. माणसं असलेल्या खोलीत ८०० च्या खाली राहिला तर हवा खेळती आहे. १५०० च्या वर गेला तर एकमेकांचे उच्छ्वासच आपण पुन्हा आत घेत आहोत. शुद्धीकरण यंत्र लावल्यावर हा आकडा उतरत नाही. यंत्र कण अडवतं, वायू नाही. मीटर हलला नाही म्हणून चांगलं यंत्र परत करू नका.

प्रश्न: विषाणू ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि मास्कची छिद्रं त्याहून मोठी. म्हणजे डास अडवायला तारेचं कुंपण घातल्यासारखंच ना? आणि एन-९५ धुऊन वापरता येतो का?

मास्क कण चाळत नाही, म्हणून छिद्राच्या मापाचा युक्तिवाद लागू पडत नाही. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि तेही तंतूला चिकटतात. दोन्ही तावड्यांतून निसटायची सर्वाधिक संधी ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांना असते. म्हणूनच एन-९५ ची परीक्षा त्या मापावर घेतात आणि तिथे त्यानं निदान ९५ टक्के कण अडवले पाहिजेत. विषाणू सहसा एकटा नसतोच, तो लाळेच्या नि श्लेष्म्याच्या सूक्ष्म थेंबात असतो.

धुवू नका. मधल्या थरातल्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि कण ओढून घेण्याचं मोठं काम तोच करतो. साबण किंवा अल्कोहोल लागलं की भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, हीच यातली फसगत. दोन-तीन मास्क आळीपाळीनं वापरा, मधल्या वेळेत कागदी पिशवीत सुकू द्या. इलास्टिक सैल पडलं, कापड ओलसर किंवा मळकट झालं, श्वास जड येऊ लागला की टाकून द्या.

मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का, याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. दोन्ही पट्टे डोक्यामागे घ्या, एक वर आणि एक मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. एका हाताच्या चिमटीनं दाबली की मधोमध टोक येतं आणि बाजूंना फट राहते. मग तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांकडे झुळूक लागली तर पुन्हा बसवा. दाढीवर तो नीट बसत नाही. झडपवाला मास्क तुमचं रक्षण करतो, पण तुमचा उच्छ्वास न गाळता समोरच्यावर सोडतो.

प्रश्न: फरशीसाठी ब्लीच जास्त कडक केलं, त्यात संडास साफ करायचं द्रावण मिसळलं तर जंतू लवकर मरतील का?

जंतूंच्या आधी मिसळणाऱ्याचा जीव धोक्यात येईल. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत आम्ल असतं. ते ब्लीचमध्ये पडलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात, तेही फुप्फुसं जाळतात. चुकून मिसळलंच तर पाणी ओतत उभं राहू नका. ताबडतोब बाहेर पडा, जाता जाता जमलं तर खिडकी उघडा.

घरातल्या पृष्ठभागांना ०.१ टक्का द्रावण पुरतं. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर २० मिलिलिटर ब्लीच आणि ९८० मिलिलिटर गार पाणी. ४ टक्के असेल तर २५ मिलिलिटर घेऊन एक लिटरपर्यंत पाणी घाला. रक्त किंवा उलटी सांडली असेल तर पाचपट कडक: ५ टक्क्यांचं १०० मिलिलिटर, पाणी ९००. आधी साबणानं पुसून घ्या, कारण घाणीतच क्लोरीन खर्च होऊन जातो. मग द्रावण लावा आणि १० मिनिटं ओलं राहू द्या. लगेच पुसणं ही नेहमीची चूक. गरम पाण्यात ते विघटित होतं आणि पातळ केलेलं टिकतही नाही, म्हणून रोजच्या रोज नवं बनवा. माणसांच्या अंगावर फवारू नका. आजारी माणसाच्या आतला विषाणू त्यानं मरत नाही, डोळे आणि कातडी तेवढी भाजते.

प्रश्न: साथीची बातमी येताच दुकानं रिकामी होतात. साठेबाजांना कुणी आवरत का नाही?

साठेबाज असतात, पण फळी रिकामी व्हायला त्यांची गरज नसते. समजा एका दुकानावर हजार घरं अवलंबून आहेत आणि एखादी वस्तू प्रत्येक घर चार आठवड्यांतून एकदा घेतं. दुकानदार आठवड्याला २५० नग मागवतो. आता दर चार घरांतल्या एकानं ‘असू दे एक जास्तीचा’ म्हणून फक्त एक नग उचलला, तर त्या आठवड्याची मागणी ५०० होते, म्हणजे थेट दुप्पट. कुणीही हाव केली नाही, तरी मंगळवारपर्यंत फळी रिकामी. तिचा फोटो फिरला की उरलेली तीन घरंही निघतात. २०२० मध्ये अनेक देशांत टॉयलेट पेपरचं हेच झालं. त्यात माणसं कार्यालयांऐवजी घरी बसल्यानं घरगुती मालाचा खप खराही वाढला होता, आणि कार्यालयांसाठीचा माल वेगळ्या आकाराचा, वेगळ्या वाटेनं जाणारा. तो एका रात्रीत इकडे वळवता येत नाही.

साठा शांत काळात करा, हळूहळू. रोजच्या औषधांचा निदान दोन आठवड्यांचा, जमल्यास महिन्याचा साठा हाताशी असू द्या आणि जुनं पाकीट आधी संपवा. पॅरासिटामॉलचे गठ्ठे नकोत. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मात्रा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. सर्दीच्या अनेक तयार औषधांत तेच पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे नकळत दुप्पट पोटात जातं आणि यकृताला इजा होते. सॅनिटायझरचे कॅनही साठवू नका, ते पेट घेतं.

प्रश्न: रुग्णालयात दाखल झालेल्यांत बहुसंख्य लस घेतलेलेच होते अशी बातमी वाचली. मग लस कशासाठी घ्यायची?

छेद घालून बघा. दहा हजार माणसं आहेत. ९,००० नी लस घेतली, १,००० नी नाही. लस न घेतलेल्यांत शंभरातला एक दाखल होतो: १० माणसं. लस तो धोका ८० टक्क्यांनी कमी करते असं धरू. मग लसवाल्यांत हजारातले दोन: १८ माणसं. दाखल झालेले २८, त्यांतले १८ लसवाले. बातमी खरी, निष्कर्ष चुकीचा. कुणीच लस घेतली नसती तर शंभर जण दाखल झाले असते. आणि सगळ्यांनी घेतली असती तर दाखल होणारे शंभर टक्के लसवाले असते, फक्त ते वीसच असते. त्यात लस आधी म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना मिळते. त्यामुळे वय वेगळं न काढता केलेली तुलना आणखी फसवी ठरते.

रोजच्या आकड्यांचंही तसंच. सुट्टीच्या दिवशी नोंद कमी होते, नंतर उसळी दिसते, म्हणून सात दिवसांची सरासरी बघा. मृत्यूंचा आकडा लागणीच्या मागून दोन-तीन आठवड्यांनी येतो. चाचण्या कमी केल्या की रुग्णही ‘कमी’ होतात, तेव्हा शंभर चाचण्यांमागे किती बाधित, हे शोधा. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्ये यासाठी ५ टक्क्यांची रेषा सुचवली होती: प्रमाण तिच्या खाली हवं. दर तीन दिवसांनी दुप्पट होणारी साथ शंभर रुग्णांवरून महिन्याभरात १,०२,४०० वर जाते. निर्बंध ‘फार लवकर’ लावल्यासारखे वाटतात ते यामुळे.

प्रश्न: आमचे काका रोज वीस-पंचवीस ‘रामबाण उपाय’ पाठवतात. दुखवायचं नाही, पण थांबवायचं कसं?

आधी निवड करा. निरुपद्रवी संदेशांवर भांडण नको. घातक असतील तेच धरा. २०२० मध्ये इराणमध्ये दारूनं करोना बरा होतो या अफवेपायी मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल पिऊन शेकडो माणसं दगावली. ब्रिटनमध्ये ५-जीमुळे रोग पसरतो म्हणून मोबाइलचे मनोरे जाळले गेले. वाफ घ्यायच्या नादात उकळतं पाणी अंगावर पडून मुलं भाजली.

कुटुंबाच्या गटात सर्वांसमोर खोडून काढू नका, काका हट्टाला पेटतील. फोन करा. ‘काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं?’ इथून सुरू करा. मग खरं काय ते आधी सांगा, चुकीचा दावा एकदाच उच्चारा, तो का चुकीचा ते एका वाक्यात सांगा आणि पुन्हा खऱ्यावर या. चुकीचं वाक्य चारदा घोळवलं तर तेच लक्षात राहतं. संदेशात तारीख नाही, डॉक्टरांचं नाव आहे पण ठिकाण नाही, ‘लपवून ठेवलेलं सत्य’ असा सूर आहे, तर तो पुढे जाऊ नये, एवढं ठरवून घ्या. आणि काकांना काम द्या. कोणाची कोणती गोळी कधी संपते याची यादी ठेवायची, एकट्या राहणाऱ्या नातलगांना रोज फोन करायचा. बरेच लोक संदेश पाठवतात ते काहीतरी केल्याचं समाधान हवं म्हणून.

प्रश्न: ऑक्सिमीटर दिवसातून तीसदा लावते. कधी ९८, कधी ९३. झोप उडाली आहे.

एवढ्या वेळा मोजल्यावर एखादा आकडा वाकडा येणारच. यंत्रात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतोच. पाच मिनिटं स्वस्थ बसा, नखांवरचं पॉलिश काढा, हात गार असेल तर चोळून गरम करा. बोट आत घालून हात छातीशी स्थिर धरा, मिनिटभर थांबा आणि आकडा स्थिरावला की लिहा. चालून आल्यावर किंवा बोलताना घेतलेला आकडा धरू नका. गडद त्वचेवर यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतं, तेव्हा तिथे लक्षणांना अधिक वजन द्या.

आजारात दिवसातून तीनदा पुरे, ठरलेल्या वेळी. फुप्फुसांचा जुना विकार नसेल तर ९५ आणि वर ठीक. पुन्हा मोजूनही ९३-९४ राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ९२ किंवा खाली स्थिर असेल तर थेट रुग्णालय. ओठ निळसर पडले, वाक्य पुरं करताना धाप लागली, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला तर यंत्र ९७ दाखवत असलं तरी निघा. आजार नसेल तर ऑक्सिमीटर कपाटात ठेवा.

प्रश्न: आमच्या मजल्यावर एक कुटुंब बाधित आहे. शेजारी म्हणतात, त्यांच्या दारावर पाटी लावा.

लावू नका. पाटीच्या धाकानं पुढचं घर खोकला लपवेल, चाचणी टाळेल आणि जिन्यात तुम्हाला भेटत राहील. त्यांचा फोन नंबर घ्या, सामान दाराबाहेर ठेवा, घंटी वाजवून जिन्यापर्यंत मागे या. कचरा दुहेरी पिशवीत बांधून ठेवायला सांगा. जिन्याची खिडकी दिवसभर उघडी राहील एवढं बघा.