ग्लॅडियस या आखूड रोमन तलवारीच्या प्रतिकृतीसाठी म्यानाचं पितळी काम हाताने करतोय. टोकाची पन्हळ, म्हणजे म्यानाच्या कडेवर बसणारी दुमडलेली पट्टी, वळवताना तडकते. काय चुकतंय? आणि शेवटी जुनाट रंग कसा आणू?

पत्रा मऊ न करता एका दमात वळवताय, असं दिसतं. पितळ ठोकलं की कडक होतं, आणि तरी ठोकत राहिलं की तडकतं. हातोडी उसळू लागली की थांबा. अंधाऱ्या कोपऱ्यात जेमतेम लालसर दिसेल इतपत तापवा, लाली ओसरली की पाण्यात टाका. पाण्याने पोलाद कडक होतं, पितळ नाही. त्याहून जास्त मात्र तापवू नका. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांत अंगात ताप भरतो.

पत्रा कुठला, तेही बघा. लेथवर सहज कापलं जावं म्हणून काही पितळात शिसं घालतात, ते वाकवताना हमखास दगा देतं. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेला, बिनशिशाचा पत्रा मागा.

पन्हळ आधी सरळच घडवा. कातरीने कापलेल्या कडा कानशीने साफ करा, कारण तडा बहुधा तिथल्याच बारीक खाचेतून जातो. म्यानाच्या कडेइतकी जाड लोखंडी पट्टी शिकंज्यात धरा, पत्रा तिच्यावर लाकडी हातोडीने दुमडा आणि पुन्हा मऊ करा. मग पन्हळीत चामड्याची पट्टी ठासून भरा आणि हळूहळू वळणावर न्या. तिथे पन्हळीचा तळ ताणला जातो आणि आतल्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या पडतात. सुरकुती उठताक्षणी ठोकून बसवा. ती दुमडली की पुढे तिथेच तुटणार. हे सगळं खऱ्या म्यानावर करू नका, तोच आकार कठीण लाकडात वेगळा कोरून घ्या.

आता रंग. अमोनियाच्या वाफेत ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ताण उरलेल्या पितळाला अमोनिया लागला की ते आपोआप फाटतं. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांना पावसाळ्यात असेच तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारणीभूत होता, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं. म्हणून घडाई संपली की तुकडा तासभर २६० अंशांच्या आसपास ठेवा. ताण निघतो, कडकपणा बहुतेक टिकतो.

मला विचाराल तर रंगवूच नका. जर्मनीतल्या माइन्त्सला सापडलेली, ब्रिटिश म्युझियममधली ‘टायबेरियसची तलवार’ ही ग्लॅडियस आज जुनाट दिसते ती जमिनीत काढलेल्या शतकांमुळे. सैनिकाच्या कमरेला होती तेव्हा तिचं म्यान चकाकतच असणार.

म्यानावर चामडं चढवणार असाल, तर पितळ बसवण्याआधी मधे मेणाचा पातळ हात द्या. नाहीतर कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने आतून हिरवा कळंक चढतो आणि रिवेट मारल्यावर तो काढता येत नाही.