लेक फुकट राबतेय का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री उशिरापर्यंत जागून कुठल्याशा व्हिडिओ प्लेअरचा कोड लिहिते, त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि विचारलं की ‘आई, ते ओपन सोर्स आहे’ एवढंच सांगते. त्यात परवा तिच्या तीन ओळींवर कुणा परक्या माणसाने ‘हे चालणार नाही, पुन्हा लिही’ असं सगळ्यांदेखत सुनावलं आणि ही चिडायची सोडून परत लिहायला बसली. हे तुम्हाला जागरणापेक्षाही जास्त खटकलेलं दिसतं. तुम्ही विचारलंय की हा प्रकार कायदेशीर आहे का, यातून नोकरी लागते का, आणि त्यापेक्षा एखादा सर्टिफिकेट कोर्स बरा नाही का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, बरा नाही. का, ते त्या तीन ओळींतच आहे, तिकडे येतोच.

कायद्याचं म्हणाल तर निश्चिंत राहा. चोरीचं सॉफ्टवेअर वापरणं आणि हे, यांचा काही संबंध नाही. प्रोग्रॅमर जो मजकूर लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. बऱ्याच कंपन्या तो कुलपात ठेवतात आणि आपल्याला फक्त चालणारा प्रोग्रॅम देतात. ओपन सोर्समध्ये कोडचा मालक स्वतःच लेखी परवानगी देतो: वापरा, आतून वाचा, बदला, इतरांना द्या. या परवानगीला लायसन्स म्हणतात. कॉपीराइट मालकाकडेच राहतो आणि त्याच्याच जोरावर तो अटी घालतो. अशी लायसन्सं अनेक प्रकारची असतात. त्यातल्या एमआयटी लायसन्सची अट साधी आहे, मूळ कर्त्याची नोंद आणि लायसन्सचा मजकूर ठेवा म्हणजे झालं. जीपीएल हे दुसरं लायसन्स जास्त कडक. त्याखालचा कोड बदलून दुसऱ्यांना दिलात, तर तुमच्या बदलांचा कोडही त्यांना त्याच अटींवर द्यावा लागतो.

ही कल्पना एका प्रिंटरवरून पेटली असं म्हटलं तरी चालेल. रिचर्ड स्टॉलमन अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रोग्रॅमर होते. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी सोय करून ठेवली होती, कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या स्क्रीनवर निरोप जाई. नवा लेझर प्रिंटर आला तो सोर्स कोडशिवाय, आणि तीच सोय त्यात करता येईना. कागद अडकतोय, दुरुस्ती करू शकणारा माणूस समोर उभा आहे, पण त्याला हात लावता येत नाही. स्टॉलमननी 1983 मध्ये सगळ्यांना वापरता-बदलता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं आणि 1989 मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘हा नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही’ अशा अर्थाचं लिहून आपली ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर केली. तिचं नाव पुढे लिनक्स पडलं. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच आहे, आणि नोव्हेंबर 2017 पासून जगातले सर्वांत वेगवान 500 सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तेव्हा छंद म्हणून नाक मुरडायला नको.

यात पैसा नाही, हाही गैरसमजच. लिनक्सच्या गाभ्यातलं बहुतांश काम आज कंपन्यांचे पगारी लोक करतात. रेड हॅट ही कंपनी ओपन सोर्सवरच उभी राहिली आणि 2019 मध्ये आयबीएमने ती 34 अब्ज डॉलरला घेतली. कोड मोफत मिळतो. पण तो चालता ठेवणारा, रात्री बिघडला तर उठून बघणारा, गरजेप्रमाणे वळवून देणारा माणूस मोफत मिळत नाही.

आता त्या तीन ओळी. समजा तक्रार अशी आली आहे: सबटायटल दोन सेकंद अलीकडे सरकवलं की सिनेमातलं पहिलं वाक्य गायब होतं. तुमच्या लेकीने आधी तो घोटाळा स्वतःच्या मशीनवर घडवून पाहिला असणार. मग हजारो ओळींच्या परक्या कोडमध्ये शोधाशोध. कारण सापडतं: वाक्य पहिल्या सेकंदाला सुरू होत होतं, दोन वजा केल्यावर वेळ उणे एक झाली, आणि उणे वेळेचं वाक्य प्रोग्रॅम टाकून देतो. तिने लिहिलं, सुरुवात शून्याच्या खाली गेली तर शून्य धरा. ही दुरुस्ती तिने पुल रिक्वेस्ट म्हणून, म्हणजे ‘हा बदल मूळ कोडमध्ये घ्या’ अशी विनंती म्हणून, पाठवली. तिकडून मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, म्हणतो, आणि वाक्याचा शेवटही शून्याच्या खाली गेला तर? तेव्हा ते खरंच टाकून द्यायला हवं, नाहीतर सिनेमा सुरू होताच नको ते वाक्य झळकेल. पुन्हा लिही, आणि दोन्ही गोष्टी आपोआप तपासणारी टेस्ट जोड.

ताई, याला सुनावणं म्हणत नाहीत, रिव्ह्यू म्हणतात. पुढे नोकरीत हे रोज होणार आहे. कॉलेजात प्रोग्रॅम चालला की मार्क मिळतात आणि परीक्षेनंतर तो कुणी उघडत नाही. दुसऱ्याचा कोड वाचणं, आपली चूक चारचौघांत ऐकून घेणं, मुद्दा पटला नाही तर सभ्यपणे वाद घालणं हे अभ्यासक्रमात कुठे शिकवतात? आणि काम स्वीकारलं गेलं की ते तिच्या नावाने, तारखेसह गिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात राहतं, आणि सगळी चर्चा त्या पुल रिक्वेस्टच्या पानावर. मुलाखत घेणारा ते उघडून वाचू शकतो. कोर्सचं सर्टिफिकेट फार तर हजेरी सिद्ध करतं.

पण नोकरीची हमी मी देणार नाही. अनेक कंपन्या पहिली चाळणी मार्कांवर आणि अ‍ॅप्टिट्यूड टेस्टवर लावतात, तिथे गिटहब, म्हणजे असं काम जिथे दिसतं ती वेबसाइट, कुणी बघत नाही. सेमिस्टर बुडवून कोड लिहिणाऱ्यांना माझ्याकडून शाबासकी मिळत नाही. शिवाय नुसत्या आकड्यालाही किंमत नाही. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरभर चालणाऱ्या उपक्रमात ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळे. 2020 मध्ये त्या टी-शर्टसाठी लोकांनी एखादा शब्द इकडचा तिकडे करून इतक्या पुल रिक्वेस्ट पाठवल्या, की मेंटेनर वैतागले आणि आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. दहा ठिकाणी चिमूटभर कामापेक्षा एकाच प्रकल्पात वर्षभर टिकणं लाख पटीने बरं. तुमची लेक तेच करते आहे, असं पत्रावरून वाटतं.

जागरणाची तुमची काळजी मात्र रास्त आहे. या जगात दमणं हा खरा प्रश्न आहे. फाइल दाबून लहान करणारं एक्सझेड नावाचं छोटं पण असंख्य सर्व्हरवर असलेलं टूल एकटा माणूस बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता. मदतीच्या निमित्ताने कुणीतरी टोपणनावाने शिरलं, काही वर्षं नेमाने काम करून विश्वास मिळवला आणि 2024 मध्ये त्यात चोरवाट घुसवली. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होतंय असं दिसलं, तो खोदत गेला म्हणून ती उघडकीला आली. कोड उघडा असल्यानेच चोर आत आला असं काहीजण म्हणतात. मला विचाराल तर उघडा होता म्हणूनच एका बाहेरच्या माणसाला तो खोदता आला.

तेव्हा तिला थांबवू नका, पण वेळ ठरवून घ्यायला सांगा. मेंटेनरला उत्तर रात्री दोनला गेलं काय आणि सकाळी दहाला गेलं काय, सारखंच. तो बहुधा दुसऱ्याच टाइम झोनमध्ये असतो. काही प्रकल्प कोड घेण्याआधी करार मान्य करायला लावतात, तो तिने नीट वाचावा. पुढे नोकरी लागली तर कामाव्यतिरिक्त लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगते का, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी बघावं.

आणि मोबदल्याचा रस्ताही आहे. गुगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे. त्यात निवड झाली की ओपन सोर्स प्रकल्पासाठी काम करायचं आणि त्याबद्दल स्टायपेंड मिळतो. आउटरीची हाही पगारी इंटर्नशिपचा कार्यक्रम आहे. दोन्हीकडे प्रस्ताव लिहावा लागतो, आणि त्या प्रकल्पात आधी काम केलेल्याचं पारडं साहजिकच जड राहतं. गुगलचे अर्ज साधारण मार्चच्या सुमारास असतात, तेव्हा प्रकल्पाच्या लोकांशी बोलणं दोन-तीन महिने आधीच सुरू करायला हवं. परीक्षा त्यातच अडकत असेल तर यंदा सोडून द्यावं, तिसऱ्या वर्षीही अर्ज करता येईल.