नवा कॅमेरा घेण्याआधी ती १८-५५ लेन्स पूर्ण वापरून बघा

भाऊ, पाच वर्षं जुना डीएसएलआर, सोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स (१८ वर रुंद दृश्य, ५५ वर जवळचं), फोटो फिके येतात, म्हणून आता हप्त्यांवर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत, सध्या घेऊ नका. तुमचे फोटो नीट पाहिले. त्यात कॅमेऱ्याचा दोष मला दिसत नाही.

नागपूरच्या फुटाळा तलावाचे फोटो भर दुपारचे आहेत, माणसांच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्यात. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात महागडा कॅमेराही पांढरंफटक आभाळच देणार. सूर्य मावळायला अर्धा तास असताना तिथेच उभे राहा.

दीक्षाभूमीचा स्तूप मात्र मळकट करडा आलाय, त्याचं कारण वेगळं. समोर जे काही आहे ते सरासरी करड्या उजेडाचं, असं धरूनच कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर चालतं. फ्रेमभर पांढरं दिसलं की ते फोटो काळवंडवतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, +१ करा, स्तूप उजळेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या मारबतीच्या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तेव्हा याच्या उलट, –१ च्या आसपास ठेवा, नाहीतर काळा रंग राखेसारखा येतो. अन् त्या गल्ल्यांत लांबचं जवळ आणणारी लेन्स काय कामाची? मागे सरकायलाच जागा नसते. मी तिथे दरवर्षी १८ वरच असतो, गर्दीत अगदी पुढे घुसून.

या १८-५५ चा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे ती फार जवळून फोकस करते. बहुतेक १८-५५ साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत जातात, अन् हे अंतर लेन्सच्या टोकापासून नाही, बॉडीवर आडवी रेघ मारलेलं गोल चिन्ह असतं तिथून मोजतात. म्हणजे वस्तू काचेच्या अगदी पुढ्यात येते. संत्र्याची एक फोड सोला, खिडकीच्या उजेडासमोर धरा, ५५ वर एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) लावा. आतले रसाचे दाणे एकेक वेगळे, दिव्यासारखे पेटलेले दिसतात. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, बोटंही उजळतील. हे सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा.

पावसाळ्यात कॅमेरा चामडी बॅगेत कोंडू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा अन् सिलिका जेल पुरतं.

मग कधी घ्यायचं? गेल्या वर्षभरातल्या आवडत्या शंभरेक फोटोंची माहिती उघडा अन् फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा १८ ते ५५ मधला आकडा, बघा. बहुतेक ५५ वर असतील, शिवाय नंतर कडा कापून विषय मोठा केलेलेही असतील, तर टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, घ्या. घरात, लग्नात उजेड कमी पडत असेल, तर ५० एफ/१.८, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी ५० मिलिमीटरची लेन्स. दोन्हींसाठी कॅमेऱ्याची बॉडी हीच चालते. पेंचच्या जंगलात जाणार असाल तर टेलिफोटो आधी दोन दिवस भाड्याने आणा.