स्वस्तातलं कोटेशन घ्यावं का?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझं भंगाराचं गोडाऊन आहे. गॅस कटरनं कापलेला माल फाउंड्र्यांना देतो. हायड्रॉलिक अ‍ॅलिगेटर शिअरसाठी, म्हणजे तेलाच्या दाबावर मगरीच्या जबड्यासारखं भंगार कापणाऱ्या मशीनसाठी, तीन कोटेशनं आलीत. सर्वांत स्वस्त घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, आधी तुमच्या यार्डातला सर्वांत जाड माल टेम्पोत घाला, पुरवठादाराकडे न्या आणि डोळ्यांदेखत कापून घ्या. ४० मिमीची साधी पोलादी सळई तुटायला साधारण ४५ टन जोर लागतो. जबड्यात बिजागरीजवळ जोर जास्त, टोकाला कमी. म्हणून टोकाशी धरून कापायला सांगा. नाही म्हणाला, तर समजून जा.

हायड्रॉलिक दुरुस्तीतच माझं आयुष्य गेलं. मशीन बहुतेक वेळा अडतं ते सिलिंडरच्या सीलपायी, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडीपायी. सील बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचं हवं, नाहीतर ते येईपर्यंत तुमच्या गाड्या उभ्या. पाती उलटून चारही धारा वापरता येतात का, तेही बघा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तेल तापतं, तेव्हा ऑइल कूलर मागाच.

माल दाबून धरणारा क्लॅम्प आणि पुढची जाळी नसेल, तर ते मशीन फुकटसुद्धा नको. कापताना पाइपचं मोकळं टोक उसळतं. त्यानं मोडलेलं मनगट मी पाहिलंय. आणि सीलबंद शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, गॅसची टाकी जबड्यात कधीच घालू देऊ नका.